अक्कांना नवी साडी चालायची नाही

आमच्या थोरल्या जाऊबाई कुणाच्याही दारात गेल्या की “बरी हाइस का?” विचारायच्या आधी समोरच्या बाईच्या पदराचं टोक चिमटीत धरायच्या. अंगठ्यानं चोळून बघायच्या आणि मग विचारायच्या, “किती येळा नेसलीस गं ही?”

मी लग्न होऊन ईट गावातल्या घरात आले, त्या दिवशी माप ओलांडल्यावर मला पहिला प्रश्न हाच. मला वाटलं, माहेरच्यांनी हलकी साडी दिली असं हिला सुचवायचंय. मी तामलवाडीची. तोंडानं मी आजवर कुणाला हार गेले नाही. म्हटलं, “आजच पहिल्यांदा नेसलीय. आणि सोलापूरला जाऊन चांगली भारीतली बघून घेतलीय.” त्यांचा चेहराच उतरला. “असू दे,” म्हणाल्या, “जुनी झाली की मला सांग.”

सगळं घर त्यांना अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणत गेले. माझ्या एवढ्या संसारात अक्कांच्या अंगावर त्यांच्या नावानं घेतलेली साडी मी त्यांच्या जिवंतपणी एकदाच पाहिली. ती सुद्धा एका फोटोपुरती.

परिस्थिती नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. दारात ट्रॅक्टर, विहिरीला पाणी, सोयाबीन-ज्वारीनं भरलेलं घर. थोरले भाऊजी, म्हणजे अक्कांचे मालक, चार माणसांत बोलले तर गाव ऐकायचं. आणि त्यांची बायको हिंडायची ती दुसऱ्या बायकांच्या जुनेरात. नेसून नेसून मऊ पडलेली साडी म्हणजे जुनेर. आमच्याकडं ते गोधडीत जातं नाहीतर बोहारणीला. अक्का ते मागून नेसायच्या.

माझ्या नणंदेला बघायला भूमचे पाहुणे आले होते. अक्कांनी दारात पाय धुवायला पाणी दिलं. पाहुण्यांतल्या एका बाईनं तांब्या हातात घेत विचारलं, “मालकीणबाई घरात हायत का?” “हायत की,” अक्का म्हणाल्या, “बसा, बोलावते.” आत गेल्या, चहा घेऊन आल्या, सगळ्यांना कप दिले आणि समोर बसकण मारून म्हणाल्या, “हं, बोला. म्याच मालकीण.” त्या बाईला चहाचा घोट गिळवेना. सोयरीक जमली, पण भाऊजी त्यानंतर दोन दिवस अक्कांशी बोलले नाहीत. अक्कांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना न बोलणारा नवरा चालायचा, कोरी साडी चालायची नाही.

आता कुणी म्हणेल, बाई दीन होती. छे! मागायला यायच्या तेव्हा थाट बघायचा होता. दिवाळीच्या तोंडावर एस.टी.नं धाराशिवला आमच्या नोकरीच्या बिऱ्हाडी यायच्या, कॉटवर मांडी घालून बसायच्या आणि मला कपाट उघडायला लावायच्या. “फाटकं नगं. म्या भिकारीण न्हाय. चांगलं पायजे, पर नेसलेलं पायजे.” मग एकेका साडीची उलटतपासणी. ही कुठं नेसलीस? बारशाला. कुणाच्या? लेकरू बरं हाय का? आणि ही? ही नेसून यांना दवाखान्यात भेटायला जायचे. “मग ती र्‍हाऊ दे.” आमचे हे कोर्टात नोकरीला होते. ते पेपरामागून म्हणायचे, “आमच्या वकिलांना वहिनीकडं शिकायला पाठवलं पाहिजे.”

एकदा मी आगाऊपणा केला. त्यांच्यासाठी घेतलेली कोरी साडी जुन्या साड्यांत सरकवून पुढं केली. चिमटीत धरली मात्र, तव्याला हात लागावा तसा त्यांनी हात मागं घेतला. “असला खेळ माझ्यासंगं पुन्ना करू नगंस,” म्हणाल्या आणि न जेवता उठल्या. स्टँडवर जाऊन त्यांना परत आणताना माझ्या नाकी नऊ आले.

माझी आई गेली तेव्हाची गोष्ट सांगते. तिच्या साड्या कुणाला द्यायच्या यावरून तामलवाडीत कुणी तोंड उघडेना. गेलेल्या बाईचं कोण नेसणार? अक्का भेटायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या भावाकडं आईची जांभळ्या काठाची साडी मागितली. भाऊ म्हणाला, “अहो, मेल्या माणसाचं कसं नेसणार तुम्ही?” त्या म्हणाल्या, “मेल्याचं कशाचं? लई जगलेल्या बाईचं हाय.” पुढं पंधरा दिवसांनी माझ्या दाराची कडी वाजली. उघडून बघते तर आईची साडी दारात उभी. मला आवरलंच नाही. मी एवढी बोलकी, पण आई गेल्यापासून माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. अक्कांनी मला पोटाशी धरलं. “रड,” म्हणाल्या, “त्यासाठीच नेसून आले.” त्या दिवसापासून त्यांच्या वेडाला वेड म्हणायची माझी जीभ रेटली नाही.

हे वेड कुठून आलं ते सासूबाईंनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. अक्कांची पहिली दोन लेकरं गेली. दोन्ही तान्ही. तिसरा झाला तेव्हा सासूबाईंनी रीत होती तसं केलं. पोराला सुपात घालून शेजारणीच्या ओटीत दिलं, ज्वारीच्या मापावर परत विकत घेतलं. नाव ठेवलं भिकाजी. आणि पाच घरचे वापरलेले कपडे मागून आणून तेच त्याला घालायचे, पाच वर्षं. म्हणजे हे पोर आपलं नाही, मागितल्याचं आहे, असं वाटून मरण दारावरून पुढं जातं. शेजारच्या मुलाणीभाभींनी आपल्या मुलाच्या ईदेच्या कुडत्यापासून काय काय दिलं होतं.

पोरगं जगलं. टणटणीत झालं. पाच वर्षं भरल्यावर तुळजापूरला नेऊन देवीच्या पायावर घातलं आणि पहिल्यांदा नवा सदरा, नवी चड्डी अंगावर चढवली. सगळे खुशीत. एस.टी.नं परत येताना अक्का तेवढ्या गप्प. घरी आल्या, स्वतःच्या पेटीतल्या होत्या नव्हत्या त्या साड्या वाटून टाकल्या आणि मुलाणीभाभींपुढं पदर पसरला, “तुमची एखादी नेसलेली द्या.” सासूबाई संतापल्या. कुणी सांगितलं हे तुला? देवऋष्यानं? “कुणीच न्हाय,” अक्का म्हणाल्या. “पोराच्या अंगावरलं मागितल्याचं सुटलं. पर ते कुणीतरी घ्याया पायजे का न्हाय? म्या घेतलं.”

झालं. त्यावर त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. देव-धर्मातली ही रीत त्यांची त्यांनीच काढली होती आणि अटही त्यांचीच: दुसऱ्या बाईनं स्वतःसाठी घेतलेलं, नेसलेलं, मगच अक्कांचं. अक्कांच्या नावानं घेतलेलं धागाभरही चालायचं नाही.

आता त्या पोराचा विचार करा. भिकाजी शिकला, इंजिनिअर झाला, धाराशिवला सरकारी नोकरीला लागला. पहिल्या पगारात आईला साडी घ्यायची हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. त्यानंही घेतली. अक्कांनी ती डोळ्यांना लावली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या आत साडी आपल्या बहिणीला देऊन टाकली. त्यानं पुन्हा कधी घेतली नाही. त्याच्या लग्नात सगळा मांडव नटलेला आणि नवरदेवाची आई माझ्या नणंदेच्या साडीत. ती साडी ओळखून दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. भिकाजीनं ते बघितलं. मला म्हणाला, “काकी, लोकांना वाटतं मी आईला एक लुगडं घेत नाही.” खेड्यात पोराला याहून मोठी शिवी नाही.

थोरल्या भाऊजींना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. भिकाजीच्या मनात आलं, सगळ्या कुटुंबाचं शेतात फोटोसेशन करायचं. त्याची बायको ऋतुजा हौशी. तिनं मोबाईलवर ग्रुप काढला आणि हुकूम सोडला, सगळ्यांनी मोतिया रंग. मग काय विचारता! महिनाभर घरात दुसरा विषय नाही. नणंद म्हणे, मोतिया म्हणजे नक्की कुठला, सायीसारखा का तुपासारखा? जावई म्हणे, मोतिया सदऱ्यावर जाकीट हवं, त्याशिवाय पोट झाकत नाही. मी म्हटलं, काठ लालच घ्या गं बायांनो, नाहीतर मयतीला जमल्यासारखे दिसू सगळे. आमचे हे आरशापुढं उभे राहून म्हणाले, “या रंगात मी ज्वारीचं पोतं दिसतोय.” मी म्हटलं, रंगाला कशाला बोल लावताय. भाऊजींचा प्रश्न एकच, टोपी चालेल का. आणि ज्यांच्यावर सगळं अडलं होतं त्या अक्कांना कुणी विचारेना, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

भिकाजी माझ्याकडं आला. हातात पिशवी. आत मोतिया रंगाची, डाळिंबी काठाची रेशमी साडी. “काकी, बाबा पंच्याहत्तरचे होतायत. आई पण थकलीय. हा फोटो आयुष्यभर घरात राहील. त्यात ती एकदा, फक्त एकदा, माझ्या साडीत दिसू दे. कसंही करा.” एवढा मोठा बाप्या, पण पोरासारखा ओठ काढून बसला होता.

मी आणि ऋतुजानं बेत केला. ती साडी मी गल्लीतल्या बारशाला नेसले. पंगतीत बसले, वाढायला उठले, आल्यावर धुतली, वाळवली, पुन्हा दोनदा घरात नेसले. मग ईटला नेऊन अक्कांपुढं ठेवली. “माझ्या अंगाला शोभेना अक्का, बघा तुम्हाला होतीय का.” त्यांनी चिमटीत धरली, चोळली. “मऊ पडलीय की. कुठं नेसलीस?” बारशाला म्हटलं. हे काही खोटं नव्हतं. त्या खूश झाल्या. “रंग बी तुमच्या फोटूचाच हाय,” म्हणाल्या. “त्या पोराचंबी समाधान व्हईल.” मी मनात म्हटलं, आता माघार नाही.

त्या दिवशी दुपार कलल्यावर फोटोवाला कॅमेरा घेऊन विहिरीकडं जागा बघायला गेला. इकडं घरात आम्ही बायका तयार होत होतो. मी स्वतः अक्कांच्या निऱ्या केल्या. ऋतुजानं अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा घातला. अक्का बाहेर ओसरीवर आल्या आणि थोरले भाऊजी खुर्चीतून उठून उभे राहिले. बायकोसाठी उठणारा माणूस नव्हे तो. “चांगली दिसतीस,” एवढं म्हणाले आणि उगाच टोपी काढून पुन्हा घातली.

तेवढ्यात भिकाजी शेतातून आला. आईला बघून जागीच थांबला. आणि मग, काय सांगू, ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा, त्यानंच घात केला. दोन्ही हात पसरून म्हणाला, “आई! नेसलीस गं माझी साडी!”

मी कपाळाला हात लावला.

“तुजी?” अक्का म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मला नजर वर करवेना. त्या वळून आत गेल्या. बाहेर आल्या त्या रोजच्या निळ्या सुती जुनेरात, हातात त्या रेशमी साडीची नीट केलेली घडी. ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

भिकाजीचा तोल गेला. मी त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. “बास झालं आई! एवढी वर्षं झाली, मी जिवंत आहे, माझं लग्न झालं, मला लेकरू आहे. आणि तू अजून रोज माझं मरण नेसून हिंडतेस!”

ऋतुजा लेकराला घेऊन खांबाला टेकली.

“व्हय,” अक्का म्हणाल्या. आवाज अगदी साधा. “रोज नेसते. तू हाइस म्हणून नेसते. आरं, लुगड्यानं कोण मरत न्हाय, कोण जगत न्हाय, ते मलाबी कळतंय. म्या काय खुळी हाय? पर तुज्या आधीच्या दोघांना म्या नवं घातलं व्हतं. माज्या हातानं शिवलेली झबली. लई हौस व्हती मला. दोघंबी नव्या झबल्यातच गेली. त्यास्नी पुरताना ती झबली अंगावर व्हती, भिकू. तवापास्नं कोरं कापड हातात आलं की मला तेच दिसतंय. काय करू म्या?”

झबल्यांचं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. भाऊजींच्याही ते कधी ध्यानात आलं नसावं, कारण ते खाली बसले आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. मी रडले. सांगायला लाज कसली?

भिकाजी आत गेला. आमचे हे सकाळी धाराशिवहून ज्या शर्टात आले होते तो खुंटीवर होता. तो घेऊन बाहेर आला. “काका, हा घेतो.” हे म्हणाले, “अरे घामट आहे तो.” “घामटच पाहिजे,” भिकाजी म्हणाला. अंगातला मोतिया सदरा त्यानं काढला आणि तो चौकड्याचा शर्ट चढवला. आमचे हे आडवे, तो काटकुळा. खांदे दंडावर उतरले.

आईपुढं जाऊन उभा राहिला. “आई, माझं होतं ते तू घेतलंस ना? ते मला परत दे. बघ, मागितल्याचं माझ्या अंगावर आहे. हे आहे तोवर मला काही होत नाही. तू मोकळी. आता तर नेसशील?”

अक्कांनी शर्टाचं टोक चिमटीत धरलं. बराच वेळ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, “किती दिस घालशील?”

“म्हणशील तेवढे.”

“न्हाय. फोटूपुरतंच. तुला हापिसात जायाचं असतंय.” मग बोट उगारून, तो पाच वर्षांचा असावा तसं, “आणि फोटू झाल्यावर म्या साडी बदलस्तवर काढायचा न्हाय. कळलं का?”

“नाही काढत.”

त्या आत गेल्या आणि पुन्हा ती साडी नेसून आल्या. या वेळी कुणाचीही फसवाफसवी नव्हती. आपल्या नावानं घेतलेली आहे हे जाणून त्या नेसल्या. पायरी उतरताना भिकाजीनं हात धरला.

विहिरीपाशी फोटोवाला भिकाजीला म्हणाला, “सर, तुमचा शर्ट तेवढा बदला, सगळी थीम बिघडतीय.” ऋतुजा, जिनं महिनाभर आमचा जीव खाल्ला होता, तीच त्याच्यावर ओरडली, “राहू द्या हो! काढा तुम्ही फोटो!” अक्कांनी भिकाजीची बाही मुठीत धरून ठेवली होती. सोडा म्हटलं तर सोडेनात. फोटो तसाच निघाला.

घरी आल्या आल्या त्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि आतून हाक मारली, “भिकू, काढू नगंस बरं! म्या आजून नेसलेलीच हाय!”

“घातलाय गं, घातलाय,” तो ओसरीवरून म्हणाला. गळ्यापाशी गुंड्या मुठीत धरून बसला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आम्ही सगळे अंगणात वाळत घातलेल्या सोयाबीनकडं बघत बसलो.

तो फोटो बैठकीत लावला. येणारा-जाणारा विचारतो, सगळे एवढे नटलेत आणि इंजिनिअरसाहेब असे का? भिकाजी म्हणतो, काकांचा शर्ट आहे. यापलीकडं कुणाला काही सांगत नाही.

अक्का गेल्या हिवाळ्यात गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. आम्ही धाराशिवहून पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. नवरा मागं ठेवून गेलेली सवाष्ण, तिला कोरं हिरवं लुगडं नेसवायचं ही रीत. ते त्यांच्या भावानं आणलं होतं. बायकांनी अक्कांना अंघोळ घातली आणि लुगडं माझ्या हातात दिलं. मी घडी मोडेना. मला मोडवेचना. एक म्हातारी म्हणाली, “नेसीव की गं, किती येळ लावायलीस?” मी म्हटलं, “थांबा थोडं.” कशासाठी थांबा, ते मलाही सांगता येत नव्हतं.

बाहेर पुरुषांत भिकाजी उभा होता. त्यानं दारातून माझ्या हातातलं लुगडं बघितलं. तसाच वळला आणि आमच्या यांच्यापुढं गेला. “काका, अंगातला शर्ट द्या.” यांनी शंभर माणसांत शर्ट काढून दिला आणि बनियनवर उभे राहिले. भिकाजीनं तो घातला, खोलीच्या दाराशी येऊन पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, “काकी, मी घातलाय. नेसवा आता.”

मी घडी मोडली. आम्ही अक्कांना कोरं लुगडं नेसवलं.

मडकं धरायचं म्हणून भिकाजीला अंगणात पाटावर बसवलं. भावकीतला एक जाणता माणूस म्हणाला, “अंगातलं काढ बाबा, पाणी घालायचंय.”

“न्हाय काढत,” भिकाजी म्हणाला. “तिच्या अंगावर नवं हाय.”

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणी म्हणालं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणालं, असं चालत नाही. थोरले भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “राहू द्या त्याच्या अंगावर.”

मग त्याच्या डोक्यावरून शर्टासकट पाणी ओतलं.